बसलेल्या घशाचे प्रश्न

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. म्हणजे गाडी ते चालवतात, मी बाजूच्या सीटवर बसते, आणि माझ्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. त्या ब्रेकमुळे आमच्या भागात मला 'ब्रेकबाई' म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण मला ऐकू येतं. कान माझे शाबूत आहेत. बिघडला तो घसा.

घसा बिघडण्याआधी माझा आवाज हीच आमच्या ड्रायव्हिंग स्कूलची जाहिरात होती. स्कूल माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं. दोन गाड्या, रस्त्याकडेची एक खोली, खोलीत एक टेबल आणि भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा उन्हानं पांढरा पडलेला तक्ता. एका गाडीवर मी, दुसऱ्या गाडीवर मामा. हे मामा कुणाचेच मामा नाहीत, पण वयामुळे आणि पोटामुळे सगळे तसंच म्हणतात. शिकवताना मामांना डुलकी लागते, असं विद्यार्थी सांगायचे. मला कधी डुलकी लागली नाही, कारण मी बोलत असायचे. किल्ली फिरवल्यापासून किल्ली काढेपर्यंत अखंड.

"क्लच दाबा, पहिला टाका, आरसा बघा, आता हळूहळू सोडा, अहो हळू म्हटलं, सायकलवाला, सायकलवाला! दुसरा टाका, नाही, तो चौथा, आणि हसताय काय, समोर बघा!"

काचा वर असल्या तरी माझं 'थांबा' रस्त्यावर ऐकू जायचं. एकदा त्या 'थांबा'नं माझा विद्यार्थी थांबला नाही, पण पलीकडच्या फुटपाथवरचे एक आजोबा जागच्या जागी खिळले आणि मी 'चला' म्हणेपर्यंत हलले नाहीत. त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. विद्यार्थी भिंतीला लागला होता, ते सोडा.

मग एका सकाळी नवऱ्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि आतून गंजलेल्या बिजागरीचा आवाज आला. दुसऱ्यांदा उघडलं तर तोही आला नाही. नवरा वर्तमानपत्रातून मान वर करून म्हणाला, "काही म्हणालीस?" आमच्या संसारात हा प्रश्न त्यानं पहिल्यांदाच विचारला होता. आधी कधी गरजच पडली नव्हती.

घशाची डॉक्टर माझ्या निम्म्या वयाची होती. तिनं नाकातून एक बारीक नळी आत घातली आणि समोरच्या पडद्यावर माझं स्वरयंत्र दाखवलं. इतकी वर्षं ज्याच्या जिवावर मी मिरवले ते एवढंसं, लालबुंद आणि काठावर दोन गाठी आलेलं होतं.

"सतत ताणून बोलणाऱ्यांना होतं असं," डॉक्टर म्हणाली. "गाता का तुम्ही?"

नवऱ्याला खोकला आला. हसू दाबताना त्याला नेहमी येतो तसा.

"शिक्षिका?"

"हो," नवरा म्हणाला, "पण वर्ग फार लहान आहे. पुढे दोनच सीट."

औषध एकच होतं, गप्प बसणं. आधी पूर्ण मौन. मग जरा बरं वाटलं की हळू आवाजात मोजके शब्द. कुजबुजायचंही नाही, त्यानं घसा जास्त ताणला जातो. ऐकलं नाही तर ऑपरेशन. मी मान हलवली. डॉक्टरनं नवऱ्याकडे बघून विचारलं, "जमेल ना त्यांना?" नवरा म्हणाला, "आम्ही सगळे प्रयत्न करू." त्याच्या चेहऱ्यावर सुट्टी लागलेल्या पोराचा आनंद होता.

घरात तर सणच. सासूबाई "बिचारीचे काय हाल" असं म्हणाल्या आणि लगेच खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. माझ्या लग्नापासून त्यांना एक गोष्ट पुरी करायची होती, त्यांच्या धाकट्या बहिणीनं घोड्यावर बसायचा हट्ट कसा धरला ती. दर वेळी मी मध्येच काहीतरी बोलायचे आणि घोडा तिथेच उभा राहायचा. त्या दिवशी तो घोडा उधळला, नदीत शिरला आणि बहिणीला पाठीवर घेऊन पलीकडच्या गावात पोचला. उत्तम गोष्ट होती. मला थोडी लाज वाटली, पण ती सांगायला आवाज नव्हता.

मौनाचा पहिला टप्पा मी घरी काढला. मग मामांची कंबर धरली. दादा घरी आला, दारातच चप्पल न काढता उभा राहिला.

"परीक्षा तोंडावर आलेले लोक आहेत. तू नुसती बस गाडीत. ब्रेक तर आहे ना?"

मी घशाकडे बोट दाखवलं.

"घशाचं काय कामच नाही," दादा म्हणाला. "पाय चालतोय ना?"

तर अशी मी गेले. पहिल्याच दिवशी समोर कोण, तर नर्सबाई.

या नर्सबाई मोठ्या इस्पितळातल्या वॉर्डाच्या मुख्य सिस्टर. धिप्पाड, शांत, हात असे स्थिर की रडणारं मूलही सुई टोचून घेताना त्यांच्याकडे बघत राहील. पण स्टिअरिंगवर तेच हात लाकडाचे व्हायचे. लायसन्सच्या परीक्षेत त्या कितीदा नापास झाल्या होत्या तो आकडा मी सांगत नाही, कारण शिकवणारी मीच होते. मी मात्र सगळ्यांना सांगायचे, "बाई हुशार आहेत, पण गाडी काही त्यांच्या हातात बसत नाही."

मी गळ्यात मफलर गुंडाळून बसले. घशाबद्दल दादानं त्यांना सांगितलंच होतं. गाडी निघाली. नेहमीचा रस्ता, नेहमीचा चौक. चौकात सिग्नल नव्हता, चारही बाजूंनी गाड्या येत होत्या. नर्सबाईंनी गाडी बरोब्बर मध्याच्या थोडं अलीकडे थांबवली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या,

"आता?"

माझ्या पोटातून सगळ्या सूचना एकदम वर आल्या आणि मफलरमध्ये अडकल्या. आरसा, पहिला, थांबा, तो ट्रक जाऊ द्या, आता निघा, नाही, थांबा! यातला एकही शब्द परवडणारा नव्हता. मागून हॉर्न वाजायला लागले. शेवटी जेवढा आवाज होता तेवढ्यात मी घोगरं विचारलं,

"काय दिसतंय?"

यात काही शहाणपण नव्हतं, हे आधीच सांगते. दोन शब्दांत यापेक्षा जास्त काही बसत नव्हतं म्हणून ते निघालं.

नर्सबाई समोर बघायला लागल्या. खरंच बघायला लागल्या. "ट्रक आहे," त्या म्हणाल्या. "तो वळणार आहे, दिवा लावलाय. पलीकडे एक बाई रस्ता ओलांडतेय, हातात पिशवी आहे, ती थांबेल बहुतेक. आणि हा स्कूटरवाला... हा कुणाकडेच बघत नाहीये. याला आधी जाऊ द्यावं." त्यांनी स्कूटरवाल्याला जाऊ दिलं, ट्रकला जाऊ दिलं, आणि मग चौक असा ओलांडला, जसं वॉर्डात एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे जावं.

पलीकडे त्यांनी आपण होऊन गाडी कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला. कपाळावरचा घाम पुसला.

"बाई, एक सांगू? राग नका मानू."

मी मान हलवली.

"इतके दिवस मी रस्त्याकडे बघतच नव्हते हो. तुमच्याकडे कान लावून बसायचे. तुम्ही 'थांबा' म्हणाल की थांबायचं, 'चला' म्हणाल की चलायचं. परीक्षेला तो साहेब शेजारी बसतो आणि एक शब्द बोलत नाही. मग मला काही सुचतच नाही."

आवाज असता तर मी नक्की काहीतरी बोलले असते. 'असं कसं, मी तर नेहमी सांगते समोर बघा म्हणून,' असं काहीतरी. नव्हता म्हणून त्यांचं बोलणं माझ्या कानात राहिलं. घरी जाईपर्यंत मी त्याच्यावर विचार करत होते. रोज सकाळ-संध्याकाळ मी गाडी चालवत होते, फक्त दुसऱ्याच्या हातापायांनी. आणि परीक्षेच्या दिवशी ते हातपाय एकटेच पाठवत होते.

इथे खरं तर मी नम्र व्हायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात हवा गेली.

मला वाटलं, आपल्याला एक मोठा शोध लागला. आता कुणाला काही सांगायचंच नाही, फक्त विचारायचं. घसाही वाचेल आणि विद्यार्थीही शहाणे होतील. दुसऱ्या दिवसापासून मी प्रश्नांचा सपाटा लावला. गिअर बदलताना, "का बदलला?" न बदलताना, "का नाही बदलला?" एका मोठ्या गोल चौकात, तीन बाजूंनी गाड्या अंगावर येत असताना, एका फुलवाल्याला मी विचारलं, "या क्षणी तुमचं लक्ष नक्की कशावर आहे?" त्याचं लक्ष माझ्या प्रश्नावर होतं. दुधाची गाडी आमच्या बंपरपासून वीतभर अंतरावर थांबली, तीही माझ्या ब्रेकमुळे नव्हे, तिच्या. माझा पाय उत्तराची वाट बघत होता.

आणि वकीलसाहेब. हे निवृत्तीला आलेले, गाडी स्वतःची, पण आयुष्यभर ड्रायव्हरनं चालवलेली. त्यांना मी विचारलं, "इथे वेग किती असावा असं तुम्हाला वाटतं?"

"प्रश्न मोघम आहे," वकीलसाहेब म्हणाले. "'इथे' म्हणजे कुठे? आणि मला काय वाटतं याचा वेगाशी काय संबंध?"

"मग कशाचा आहे?"

"ते तुम्ही सांगायचं. फी देऊन मी उत्तरं घ्यायला आलोय, उलटतपासणी द्यायला नाही."

घरीही मी सोडलं नाही. नवऱ्यानं ओला टॉवेल पलंगावर टाकला की मी हळू आवाजात विचारायचे, "हा टॉवेल इथे ठेवल्यानं काय काय होईल असं तुम्हाला वाटतं?" एक-दोनदा त्यानं उत्तर दिलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "अगं, त्यापेक्षा ओरड ना. ओरडणं लवकर संपतं."

सासूबाई पलीकडे उशीला अभ्रा चढवत होत्या. त्या म्हणाल्या, "तुला उत्तर ठाऊक आहे ना टॉवेलचं?"

"हो."

"मग विचारतेस कशाला? ठाऊक असलेलं विचारणं म्हणजे चिमटा काढणं. आमच्या शाळेत एक मास्तर होते. पोरानं गणित चुकवलं की गोड आवाजात विचारायचे, 'बाळ, तुझं काय चुकलं?' त्यापेक्षा छडी बरी वाटायची आम्हाला. छडीला निदान उत्तर द्यावं लागत नसे."

मी गप्प झाले. घशासाठी नव्हे. दिवसभरातले माझे प्रश्न एकेक करून आठवले, तर सगळे त्या मास्तरांचेच निघाले. 'आरसा बघा' असं पूर्वी म्हणायचे, आता 'आरशात बघितलंत का?' असं म्हणत होते. माल तोच, वेष्टन नवं. आणि चौकातला तो पहिला प्रश्न चालला का, तर तेव्हा मला खरंच कळत नव्हतं नर्सबाईंना काय दिसतंय ते. ऐकायची गरज माझी होती.

मग मी जरा जपून वागायला लागले. चालत्या गाडीत विचारणं कमी केलं. कडेला थांबलो की विचारायचे, "मघाशी त्या वळणावर तुम्ही आधीच वेग कमी केलात. काय दिसलं होतं?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. हे थांबणं मला सगळ्यात जड गेलं. समोरचा माणूस विचार करत असताना माझी जीभ तोंडात अशी वळवळायची की डॉक्टरला तीही पडद्यावर दाखवावीशी वाटली असती.

वकीलसाहेबांना एका चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जायचं होतं. मी एवढंच विचारलं, "जाईल?" ते ठामपणे म्हणाले, "का नाही?" मागे कुणी नव्हतं, रस्ता मोकळा होता, म्हणून मी जाऊ दिलं. गाडी अर्ध्या चढावर धापा टाकत बंद पडली. वकीलसाहेबांनी हँडब्रेक ओढला. मग म्हणाले, "पुरावा आमच्या विरोधात गेला." आणि पहिला टाकला. मला वाटलं, जमलं! पण त्याच संध्याकाळी त्यांनी जाऊन दादाकडे तक्रार केली. बाईंना चढावर बंद पडणार हे माहीत होतं आणि त्यांनी जाणूनबुजून सांगितलं नाही. यात खोटं काहीच नव्हतं.

दादानं मला खोलीत बोलावलं.

"तू काय चालवलंयस हे? लोक म्हणतात, बाई शिकवत नाहीत, मुलाखत घेतात."

"नर्सबाई सुधारल्यात," मी हळूच म्हटलं.

"त्या नापास होऊन होऊन सुधारल्या असतील. उद्या मी मागच्या सीटवर बसतो. बघू दे मला काय ते. नाही पटलं तर घसा बरा होईपर्यंत घरी बस, वकीलसाहेबांना मामांकडे देतो."

मामांची कंबर तोवर बरी झाली होती. माझ्याकडे आता घसाही नव्हता आणि सबबही नव्हती.

दुसऱ्या दिवशी दादा मागे मधोमध बसला, दोन्ही सीटच्या मधून मुंडकं पुढे काढून. नर्सबाईंनी आरसा नीट केला. आरशात फक्त दादा होता.

परीक्षेचा नेहमीचा रस्ता नळांसाठी खणून ठेवला होता. बाण दाखवणारी पाटी आम्हाला एका गल्लीत घेऊन गेली. मी त्या गल्लीत कधी गाडी घातली नव्हती. गल्ली चढाची, दोन्ही बाजूंना घरांच्या भिंती, एका वेळी जेमतेम एक गाडी मावेल एवढी. आम्ही अर्ध्यात पोचलो आणि वरून घरसामान भरलेला टेम्पो खाली यायला लागला. कपाट, गाद्या, वर उलटं बांधलेलं टेबल. तो थांबला. आम्ही थांबलो. त्याच्यामागे आणखी दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या.

दादा म्हणाला, "सांग ना त्यांना काय करायचं!"

खरं सांगते, मला माहीत नव्हतं. असल्या अरुंद चढावरून मी स्वतः गाडी मागे घेऊन कैक वर्षं झाली होती. बाजूच्या सीटवर बसून बसून मी फक्त ब्रेक दाबण्यात तरबेज झाले होते. मी नर्सबाईंकडे बघितलं आणि विचारलं,

"काय करावं?"

बहुतेक माझ्या आवाजातच त्यांना कळलं की हा प्रश्न शिकवण्यातला नाही. त्या एकदम वॉर्डातल्या सिस्टर झाल्या.

"त्याला मागे जाता येणार नाही," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "त्याच्यामागे गाड्या आहेत आणि त्याला सामानातून मागचं दिसत नाही. आपल्यामागे कुणी नाही. येताना एका घराचं फाटक उघडं होतं, आत रिकामी जागा होती. तिथपर्यंत गेलं तर तो निघून जाईल. पण मला मागे घेणं नीट जमत नाही."

"कुठे अडतं?" मी विचारलं.

"घाईत चाक जास्त फिरवते."

"मग?"

"घाई करायची नाही. त्याला थांबू दे." त्यांनी काच खाली करून टेम्पोवाल्याला हात दाखवला, थांबा म्हणून. तो थांबला. मग त्या मागे वळल्या. "दादासाहेब, डोकं बाजूला घ्या."

गाडी बोटभर बोटभर मागे सरकायला लागली. दादाला राहवेना. "डावीकडे! अहो, डावीकडे, नाही, उजवीकडे फिरवा, भिंत आली, भिंत!" अगदी माझाच आवाज, फक्त गाठी नसलेला. असा ऐकायला मी पहिल्यांदाच बसले होते.

नर्सबाईंनी गाडी थांबवली आणि मागे न बघता म्हणाल्या, "तुम्ही जरा गप्प बसा बघू. मी विचार करतेय."

वॉर्डात अशा आवाजापुढे शस्त्रक्रिया करणारे मोठे डॉक्टरही गप्प बसत असणार. दादा मागे रेलला. माझा पाय ब्रेकवर होता, आणि तो दाबायची इतकी अनावर इच्छा होत होती की मी बूट काढून बाजूला ठेवावा म्हणत होते. नर्सबाई सरकल्या, थांबल्या, बाहेर डोकावल्या, पुन्हा सरकल्या. फाटकातून आत वळताना त्यांनी एक कचऱ्याचा डबा आडवा केला. तो गडगडत उताराला लागला आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबला. बाकी कशालाही ओरखडा नाही. टेम्पो खाली उतरला. चालकानं जाता जाता हात वर केला आणि विचारलं, "शिकाऊ कोण आहे यात?"



दादा उतरून डबा उचलून आणायला गेला. परतल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं. "त्या स्वतःच बोलत होत्या, स्वतःच ठरवत होत्या. तू तिथे करत काय होतीस?"

"घाबरत होते," मी म्हटलं.

दादा थोडा वेळ डब्याचं झाकण लावायचा प्रयत्न करत राहिला. ते बसेना. "मीही," तो म्हणाला. एवढंच. त्यानंतर मला घरी बसवण्याचा विषय त्यानं काढला नाही. वकीलसाहेबांना मात्र मामांकडे दिलं. आठवड्याच्या आत ते परत आले. "मामा सांगत नाहीत आणि विचारतही नाहीत," ते म्हणाले. "मी भांडू कुणाशी?"

नर्सबाई पुढच्या परीक्षेला बसल्या आणि पुन्हा नापास झाल्या. ही गोष्ट सांगताना इथे त्या पास झाल्या असं सांगायचा मोह मला नेहमी होतो. एक-दोनदा सांगूनही झालंय. पण झालं ते असं. मी परीक्षेची गाडी सुटते त्या मैदानाच्या कुंपणाबाहेर उभी होते. त्या गाडीतून उतरून सरळ माझ्याकडे आल्या. पूर्वी त्या म्हणायच्या, 'साहेब खडूस होते' किंवा 'माझं नशीबच तसं'. या वेळी म्हणाल्या, "वळताना दिवा लावला, पण वळून झाल्यावर तो बंद झाला का ते बघितलं नाही. तो लागलेलाच राहिला आणि मागचा माणूस गोंधळला. माझं सगळं लक्ष पुढे रस्त्यात आलेल्या पोरांवर होतं, म्हणून. पुढच्या वेळी वळण संपलं की आधी तिकडे नजर टाकेन." मला विचारायला काही ठेवलंच नाही त्यांनी. मी आपली मान हलवत राहिले. त्याच्या पुढच्या वेळी त्या पास झाल्या आणि संध्याकाळी स्वतःची गाडी घेऊन आमच्या खोलीसमोर आल्या. हॉर्न वाजवला नाही. इस्पितळाची सवय.

माझा घसा त्याच सुमारास बरा झाला. डॉक्टरनं पुन्हा नळी घातली, पडद्यावर बघितलं आणि म्हणाली, "छान. आता बोला, फक्त ओरडू नका." घरी नवऱ्याला ही बातमी मीच दिली, खणखणीत आवाजात. त्यानं हसायचा मनापासून प्रयत्न केला.

आणि दुसऱ्या दिवशी काय झालं असेल? नवी विद्यार्थिनी होती, शिंप्याच्या दुकानात काम करणारी, लाजरी. ती सीटवर बसली, मी तोंड उघडलं, आणि साठवून ठेवलेलं सगळं धो धो बाहेर आलं. क्लचपासून आरशापर्यंत, आरशापासून टायरमधल्या हवेपर्यंत. काय गोड लागत होता मला माझा आवाज! बऱ्याच वेळानं लक्षात आलं की पोरीनं अजून किल्लीच फिरवली नव्हती. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती माझ्या तोंडाकडे बघत बसली होती, जसं दूरच्या स्टेशनवर नको ती गाडी येऊन उभी राहावी आणि ती जायची वाट बघावी.

मी थांबले. खिडकीबाहेर बघितलं. मग तिला विचारलं, "शिलाई मशिनवर पहिल्यांदा बसलीस तेव्हा सगळ्यात भीती कशाची वाटली होती?"

हे मला खरंच माहीत नव्हतं. मी कधी बटणसुद्धा धड लावलेलं नाही.

"सुईची नाही," ती म्हणाली. "पायाची. पाय दाबला की मशिन पळतंय असं वाटायचं. कापड हातातून निसटायचं."

"मग काय केलंस?"

"कापड न घेता नुसता पाय चालवून बघितला. पुष्कळ दिवस." तिनं खाली पेडलकडे बघितलं. "इथेही गाडी न हलवता नुसता पाय चालवून बघता येतो का?"

येतो. आम्ही तो सबंध तास एका जागी उभ्या गाडीत घालवला. दादानं खिडकीतून दोनदा डोकावून बघितलं आणि दोन्ही वेळा तो तसाच मागे फिरला. त्याच्या चेहऱ्यावरून मात्र दिसत होतं की बोलायचं बरंच होतं.

मी सुधारले असं कुणी समजू नये. अजूनही दिवसातून एकदा तरी ब्रेकबाई जागी होतेच. समोर मूल धावत आलं तर मी ओरडते, आणि ओरडायलाच हवं. तिथे 'काय दिसतंय?' असं विचारणाऱ्या बाईला शेजारी बसवू नये. पण ओरडून झाल्यावर गाडी कडेला घेतो, आणि त्या वेळी आधी विद्यार्थी बोलतात.

परवा रविवारी सासूबाई म्हणाल्या, "मला त्या गाडीत बसव एकदा. चाकाच्या बाजूला."

"तुम्हाला शिकायचीये?"

"छे गं. या वयात मला कोण लायसन देणार? मला ती चालते कशी ते बघायचंय."

मोकळं मैदान होतं. सासूबाईंनी साडी सावरली, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, आणि मी नेहमीच्या रुबाबात विचारायला तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनीच सुरुवात केली.

"हा क्लच दाबला की आत काय होतं?"

"इंजिन आणि चाकं वेगळी होतात."

"कशी वेगळी होतात?"

"म्हणजे... त्यांचा संबंध तुटतो."

"कुठे तुटतो? कशानं?"

मी आयुष्यात हजारो माणसांना क्लच दाबायला सांगितलाय. "मला नाही माहीत," मी म्हटलं.

"बरं. मग सोडल्यावर गाडी का थरथरते?"

"तेही नाही माहीत हो."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नव्हत्या. उलट त्यांना सोबत मिळाल्यासारखं वाटलं असावं. "मग झाकण उघड की पुढचं," त्या म्हणाल्या. "बघू या."

आम्ही बॉनेट उघडलं. आतला क्लच वरून दिसत नाही, हे आम्हाला अर्ध्या तासानं कळलं. नवरा घरून टॉर्च घेऊन आला आणि गाडीखाली आडवा झाला. त्यालाही काही दिसेना, पण तो बाहेर यायला तयार नव्हता. खालून त्याचा आवाज आला, "अगं, ही दांडी कुठे जाते?" सासूबाई कमरेत वाकून म्हणाल्या, "तुला काय वाटतं?" आणि मी इंजिनाच्या वासात, काळ्या हातांनी, दोघांच्या उत्तराची वाट बघत उभी राहिले.